दाढेत चांदी

१० जाने. १९३०, शुक्रवार. सोलापूर

उजवी वरची दाढ. जेवण डावीकडनं. आत्याची कडक भाकरी तिकडनंही जात नाही.

गड्ड्याच्या जत्रेत हुसेनभाईचा चित्रांचा तंबू. पडद्यावरची मुकी माणसं हातवारे करतात, मी बाजूला उभा राहून ओरडून गोष्ट सांगतो. काल राक्षस हसतो तिथं हसायला गेलो नि कळवळलो. लोकांनी टाळ्या दिल्या. लोक तर काय, उंट शिंकला तरी देतील.

हु. म्हणाला, "मुँह सुजा तो छुट्टी. मॅट्रिक बैठेला है." मॅट्रिक म्हणजे दिनकर. परीक्षेत नापास, पण टाय लावतो. गड्डा उठला की तंबू विजापूरला. सांगणारा एकच नेणार. मला तिथला घुमट बघायचाय. आपलंच बोलणं फिरून ऐकू येतं म्हणे. तिथं राक्षस हसवला तर... असो. दाढ.

११, शनिवार

आत्यानं धुरी दिली. तापल्या तव्यावर रिंगणीचं बी, वर नळी, नळी माझ्या तोंडात, खाली पाण्याची परात.

"आ कर की मुडद्या! कीड पडती बघ."

पाण्यात बारीक पांढरं तरंगलं. आत्यानं शेजारणी गोळा केल्या. बी फुटलं की तेच उडतं, मी मघाशीच बघितलं होतं. पण माझी कीड म्हणून सगळ्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या! दाढ होती तशीच. वर नळी लागून जीभ पोळली. शेंडा बधिर.

१२, रविवार

खेळात बोबडा बोललो. नायिका मरते तिथंच. मागनं कोणतरी, "म्हातारा झाला रं ह्यो!" मॅट्रिक कनातीला टेकून हसत होता. दात लई सरळ. एवढ्या सरळ दातांच्या माणसाला दुसरं काही येत नसणार.

येताना उंटाचे दात बघत थांबलो. पिवळे, वाकडे, तरी बाभळीचे काटे खातो.

१३, सोमवार

शेवटी दातांच्या डॉ.कडे. साहेबी टोपी खुंटीला, स्वतःचे दात पानानं लाल.

"जीभ कशानं भाजली?"

"आत्यानं धुरी दिली."

"अडाणी लोक."

आत्याला अडाणी मी म्हणेन. हा कोण?

आकड्यानं टोचून विचारतो, काढू की भरू? काढली तर गाल फुगून बसणार. भरा म्हणालो. मग शिवणयंत्रासारखं पायानं चालवायचं यंत्र. वर दोरी फिरते, टोकाला सुई. दाढेला लावली की डोक्यात गिरणीचा भोंगा आणि जळक्या शिंगाचा वास. एवढ्यात बाहेर सिद्धेश्वराच्या मिरवणुकीतले नंदीध्वज आले. हा "आलोच" म्हणून खिडकीत! मी आ वासून खुर्चीत. हात जोडून आला, ते हात न धुता पुन्हा तोंडात.

चांदीचा कीस पाऱ्यात घोटला, फडक्यात पिळला, दाबून दाबून भरला. "उद्या रात्रीपर्यंत ह्या बाजूनं चावायचं नाही. निखळली तर पुन्हा भरणार नाही, दाढच काढावी लागेल."

ठणका थांबलाय. त्याला सांगितलं नाही. उगाच चढून बसला असता.

१४, मंगळवार. संक्रांत

दुपारी तंबूत सगळे तिळगूळ वाटत होते. मॅट्रिकनं आईनं केलेला लाडू आणला. लाडू कसला, गोटी. सगळ्यांसमोर माझ्या हातावर ठेवला. संक्रांतीचा तिळगूळ नाही कसा म्हणायचा?

"संध्याकाळी खातो."

"का रे? दाढ?" मोठ्यानं विचारलं भामट्यानं.

हु.नं मान वळवली. "खा ले रे. त्योहार है."

डॉ.नं मना केलंय म्हणालो असतो तर विजापूर तिथंच गेलं. तोंडात टाकला, डावीकडं ढकलला. मॅट्रिक माझ्या जबड्याकडं बघत उभा. गुळाचं काय, सुटला की हवा तिकडं जातो. उजवीकडं कचकन झालं. जिभेखाली काहीतरी टणक आलं. हु. बघत होता. गिळलं.

तिळातला खडा असेल. मॅट्रिकच्या घरी तीळ कुठले निवडतात!

नाहीतर चांदी. जीभ फिरवून बघितली. शेंडा अजून बधिर, त्याला भरलेलं आणि पोकळ सारखंच. बोट घालावं तर मॅट्रिक समोरच.

ठणका नाही. अजून तरी.

घंटा झाली. आज पुन्हा राक्षसाचा खेळ. हु. खुर्ची ओढून पुढं बसलाय, मॅट्रिक त्याच्या शेजारी. टाय नवा.

जातो. हसून बघतो.