दोनशे तासांचे स्पीकर

तीर्थरूप दादा,

धाकटीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी सांगते तेवढं चाल, वाद घालू नकोस. इकडे सगळं ठीक, कान सोडून.

ह्यांनी नवे स्पीकर आणले. पहिल्या दिवशी आवाज असा, की डब्यात कुणी खिळे हलवतंय. मी तसं म्हटलं. तर म्हणे दुकानदाराने सांगितलंय, दोनशे तास वाजवा, मग मोकळे होतात. झालं. दात घासायच्या आधी स्पीकर चालू आणि दर तासाला भिंतीवर खडूची एक रेघ. (पुसायची कुणी? मी.) इकडे मी शर्टांना काजं करतेय आणि डोक्यात खिळे.

ऐंशीएक रेघा झाल्यावर एका दुपारी लक्षात आलं, खिळे थांबलेत. आता स्पीकर सुधारले की माझे कान निर्ढावले? मला रागच आला. लग्नात ह्यांच्या आईने सांगितलं होतं, पोरगा जरा हेकट आहे, हळूहळू मऊ पडेल. सव्वीस वर्षं झाली. ते मऊ पडले की मलाच सवय झाली, हे अजून उमगलं नाही, तर हे काय उमगणार?

म्हणून हे आंघोळीला गेल्यावर तू लग्नात दिलेल्या जुन्या स्पीकरच्या पेट्या पलंगाखालून काढल्या, पडद्यामागे ठेवल्या आणि नव्यांच्या तारा काढून त्यांना जोडल्या. (सांध्याला शर्टाची चिंधी बांधली, हाताशी तीच होती.) म्हटलं, आता मोकळे झाले म्हणू देत, तोंडावर सांगते. शिलाईचं मशीन सोडून मुद्दाम ह्यांच्या शेजारी बसले. हे डोळे मिटून ऐकत राहिले, मग डोळ्यांत पाणी. म्हणाले, "ऐकलंस? झाले मोकळे." आता अशा तोंडावर काय सांगू? तीन आठवडे झाले, नवे नुसते उभे आहेत, वाजतात तुझेच. आणि रोज संध्याकाळी मला शेजारी बसवतात.

पत्र टाकायला ह्यांच्याकडेच देतेय. दुसऱ्याचं पाकीट उघडत नाहीत, तेवढा एक गुण आहे.

तुझी बहीण

ता. क. रविवारी हे जुन्या पेट्या तुला परत द्यायच्या म्हणतात. पलंगाखाली वाकले की माझं बिंग फुटलं. त्याआधी कळव, जागा नाही म्हणून.

ता. क. आणखी एक. काल हे बाहेर गेल्यावर नवे परत जोडून बघितले. तेही बरे वाटले. कुणाला बोलू नकोस.

(पाकिटाच्या मागे, पेन्सिलीने)

दादा, पाकीट उघडलेलं नाही. आत काय असेल ते माहीत आहे. तारेची चिंधी मला पहिल्याच दिवशी दिसली. पण सव्वीस वर्षांत ही कधी मशीन सोडून माझ्या शेजारी बसली नव्हती. पेट्या परत द्यायचं मी उगाच बोलून बसलो, नकोत म्हणून कळवा, म्हणजे बसत राहील.