इमेका काकांनी कोला फोडला

प्रिय बाबा,

काल इमेका काकांच्या चिओमाचं लग्न झालं. आज सकाळी चहा घेऊन पॅटिओत बसले आणि आधी तुम्हालाच लिहायला घेतलं. ही बातमी तुमच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगणार?

इथे टेक्सासला, फ्रिस्कोत माझ्याकडे आलात तेव्हा आठवड्याभरात तुम्ही शेजारच्या इमेका काकांशी दोस्ती केलीत. ते नायजेरियाचे, इग्बो समाजाचे. तुमचं इंग्लिश त्यांना कळेना, त्यांचं तुम्हाला. तरी रोज सकाळी दोघं वॉकला!

एकदा इथेच बसून त्यांनी ‘ओसू’ म्हणजे काय ते सांगितलं होतं. त्यांच्या कुणा पूर्वजाला गावाच्या देवाला वाहिलं होतं. तेव्हापासून सगळा वंश वेगळा. गावातले ‘मोकळ्या कुळाचे’ लोक त्यांच्यात सोयरीक करत नाहीत, त्यांनी फोडलेला कोला खात नाहीत. कोला म्हणजे आपल्या सुपारीसारखं फळ. यजमान प्रार्थना करून ते फोडतो आणि सगळ्यांना वाटतो, मगच कार्य सुरू होतं. कायद्यानं हे सगळं कधीचंच बंद झालंय. पण लग्न ठरवताना अजून चौकशी होते.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि मला म्हणालात, “त्यांना सांग, गावच्या लग्नात आम्ही घरून ताटं न्यायचो. मांडवामागे, गोठ्याजवळ बसायचो.”

मी ते ट्रान्सलेट करून सांगितलं. बाबा, मला हे आधी कधीच का सांगितलं नाहीत? पोटच्या मुलीच्या आधी शेजाऱ्याला?

चिओमाचं उचेशी जमलं होतं. तो मोकळ्या कुळातला. त्याच्या घरच्यांना आपलं मूळ सांगावं की नाही, या विचारानं काकांना झोप लागत नव्हती. तुम्ही म्हणालात, “लपवलंत तर लग्न लागेल. पण पोरगी जन्मभर दबून राहील.”

त्यांनी सांगून टाकलं. मग वर्षभर नकार. त्याच वर्षात तुम्ही आम्हाला कायमचे सोडून गेलात. शोकसभेला काका आले, आपल्या माणसांत जमिनीवर बसले, उठेचनात.

शेवटी होकार आला, पण अट घालून. उचेच्या ह्यूस्टनच्या काकांनी कळवलं, लग्न करू, कोला मात्र पास्टर फोडतील. इमेका काका तयार झाले होते हो! चिओमा नाही झाली. म्हणाली, “यजमान माझे डॅड आहेत. ते फोडतील, नाहीतर लग्न कॅन्सल.” उचे तिच्या बाजूनं उभा राहिला.

काल हॉल गच्च भरला होता. काकांनी कोला हातात घेतला, इग्बोत प्रार्थना केली, फोडला. ताट उचेच्या घरच्यांसमोर गेलं आणि कुणी हात पुढे करेना. ह्यूस्टनचे काका जमिनीकडे बघत बसलेले.

तेवढ्यात व्हीलचेअरमधून उचेची आजी म्हणाली, “इकडे आणा.” बायकांना कोला शेवटी देतात म्हणे. पण आजीला कोण अडवणार? तिनं तुकडा उचलला, सगळ्यांदेखत सावकाश चावून खाल्ला. मग ताट फिरलं. ह्यूस्टनच्या काकांनीही घेतला, खाल्ला. त्यानंतर जो ढोल वाजला, बाबा, खुर्च्यांवर कुणी उरलं नाही. तुमची ही मुलगी नऊवारीत नाचली!

नंतर इमेका काकांनी माझ्या हातावर एक तुकडा ठेवला. म्हणाले, “हा तुझ्या वडिलांचा.” काय कडू होता! सगळा खाल्ला.

डिसेंबरमध्ये लग्नाचा हाच विधी काकांच्या गावी आहे. उचेचे तिकडचे भाऊबंद अजून तयार नाहीत. काका म्हणतात, तिथेही मीच फोडणार. मला बोलावलंय.

मी जाणार, बाबा. शब्द देते. पहिल्या रांगेत बसेन, आणि ही बाई कोण असं कुणी विचारलं, तर तुमचं नाव सांगेन, आपलं गाव सांगेन, गावकुसाबाहेरची आपली वस्तीही सांगेन.

जय भीम, बाबा.

तुमची,
सुजाता