न लागलेला लाल दिवा

हिंगणा रोड, नागपूर
४ जुलै १९७६

तीर्थरूप बाबांना आणि मायला मनापासून जयभीम.

बाबा, नोकरी लागली! मानसशास्त्रात एम.ए. करून पोट्टी पोट कसं भरणार, हे तुम्ही लागोपाठ तीन पत्रांत विचारलंत, म्हणून आधी तेच सांगते. कॉलेजातली जागा कोणाच्या तरी रजेपुरती होती. वेड्यांच्या दवाखान्यात घेत होते, पण मायनं रडून गाव गोळा केलं. शाळेतल्या मुलांना कुठली लाइन घ्यावी हे सांगायचं काम होतं, ते मंजुरीतच अडकलं. राहिला हिंगण्याचा कारखाना. कामगारांच्या बसवर ड्रायव्हर घेण्याआधी त्यांची परीक्षा मी घ्यायची. सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. तुमच्यासारखे बावीस-बावीस वर्षं ट्रक चालवलेले लोक माझ्यासमोर घाम पुसतात, तेव्हा मलाच हसू येतं.

एका पेटीत तीन दिवे असतात, हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की पायाखालचा ब्रेक दाबायचा. किती वेळ लागला ते घड्याळ सांगतं. दिव्यांचा क्रम ठरलेला आहे, तो मला पाढ्यासारखा पाठ झालाय. पोळ्या लाटतानाही तोंडात तेच: हिरवा हिरवा पिवळा लाल, पिवळा हिरवा लाल लाल, हिरवा पिवळा हिरवा लाल! चाल लावली तर गाणंच होईल.

विडी कमी करा. जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची
कौशल्या


काटोल
१६ जुलै १९७६

चि. कौशल्या, तुले जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र मी स्टँडवरच्या टपरीवर मोठ्यानं वाचलं. एकदा नाही, चारदा. शेजारचा नत्थूभाऊ म्हने, लहानू, तुही पोट्टी मनातलं वळखाले शिकली, आता तिच्यासमोर बसाची चोरी. मी म्हनलं, तुह्या मनात हाये काय वळखाले!

आता खुशखबर आयक. इकडले सात जन ड्रायव्हरच्या जागेसाठी सोमवारी तुह्याकडे येऊन राहिले. नत्थूभाऊचा जावई धोंडबा हाये त्यात. त्यायची तयारी म्याच घेतली. अंगनात ओळीनं बसवतो, अन् तुह्या गान्याप्रमानं हिरवी मिरची, हळकुंड अन् वाळली लाल मिरची दाखवतो. लाल निघाली का सर्वे पाय आपटते. गल्लीतल्या म्हाताऱ्यायलेही पाठ झालं आता. लोकं भेवानं नापास होते, तेवढं भेव म्या काढलं. घरची मानसं हायेत, चहा पाजजो.

तुही माय म्हनते, अंगावर मांस धर. आमची सय ठेवजो.

तुहा बाप
लहानू


नागपूर
२१ जुलै १९७६

तीर्थरूप बाबांना जयभीम.

काय करून बसलात हो बाबा! तुमचं पत्र काल मिळालं. त्या सात जणांची परीक्षा परवाच झाली होती.

पहिल्या तिघांचा वेग पाहून मी खूश झाले. त्यांच्या नावापुढे ‘योग्य’ असं लिहूनही टाकलं. चौथा धोंडबा. मधेच पेटीतला लाल बल्ब उडाला. दिवा लागलाच नाही, आणि धोंडबानं ब्रेक दाबला, अगदी वेळेवर. शेजारी आमचे साहेब दत्तोपंत उभे होते. त्यांनी मुद्दाम बल्ब तसाच ठेवायला सांगितला. मग बाकीचे तिघेही न लागलेल्या दिव्यावर पाय मारत गेले.

काल क्रम उलटापालटा करून सगळ्यांना पुन्हा बसवलं. सहा जण बरे निघाले. धोंडबानं मात्र हिरव्यावर ब्रेक दाबला आणि लालवर नुसता बसून राहिला. बाबा, त्याला लाल-हिरवा वेगळा दिसतच नाही. तुमच्या अंगणात तो मिरचीचा रंग नाही, सुरकुत्या पाहून पाय आपटत होता. आजवर शेतात ट्रॅक्टर चालवला, तिथे कसला आलाय सिग्नल. आमच्या बसमध्ये साठ माणसं असतात. माझ्या सहीनं तो त्या बसवर गेला असता.

तुमचं पत्र चुलीत घातलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं, पेटी बिघडली म्हणून निभावलं असतं. पण क्रम फोडला तो मीच. मी पत्र दत्तोपंतांच्या टेबलावर ठेवलं. मला ठेवायचं की काढायचं, ते शनिवारी ठरेल.

तुमच्यावर भयंकर रागावले आहे. आणि तुम्ही मिरच्या घेऊन अंगणात उभे आहात असं डोळ्यांसमोर आलं की हसूही येतं, रडूही येतं. मायला यातलं काही सांगू नका.

रागावलेली तरी तुमचीच
कौशल्या


नागपूर
२५ जुलै १९७६

तीर्थरूप बाबांना जयभीम.

नोकरी राहिली. कच्चे सहा महिने मात्र नव्यानं मोजणार. यापुढे दर वेळी नवा क्रम मी करायचा आणि कुलपात ठेवायचा. धोंडबाला नापास म्हणून घरी पाठवायला मन घेईना. नट-बोल्ट जुळवायच्या चाचणीत त्याचा हात सगळ्यांत चलाख निघाला, म्हणून जुळणी खात्यात त्याची शिफारस केली आहे. नत्थूकाकांना सांगा.

वॉचमन म्हणत होता, काल सकाळी काटोलचा एक छत्रीवाला गेटवर साहेबांना भेटून गेला. तो कोण, हे मी विचारत नाही. मला न भेटता काहून गेला, एवढं सांगा.

वाट पाहणारी
कौशल्या


काटोल
८ ऑगस्ट १९७६

चि. कौशल्या, जयभीम अन् आशीर्वाद.

तुह्यापुढं यायले तोंड नव्हतं वं माय, म्हनून तसाच फिरलो. सायबाले म्हनलं, चूक माही हाये, पायजे तं मले पोलिसात द्या, पोट्टीले काढू नका. सायेब म्हने, तिले ठेवाचं आताच ठरलं. सोताच्या बापाचं पत्र टेबलावर आनून ठेवनारी दुसरी कुठून आनू? मी गेटाबाहेर येऊन रडलो, तुले सांगतो.

बावीस वर्षांत माह्या ट्रकखाली कोंबडी नाही आली. अन् साठ मानसं मी कोनाच्या हाती देऊन राहिलो होतो! थे मनातून जातच नाही.

नत्थूभाऊ पंधरा दिवस बोलला नाही. धोंडबाले जुळनीत घेतलं तसा काल पेढे घेऊन आला.

आता एक आयक. यापुढं कामाचं मले काही लिहू नको. काय खाल्लं, झोप येते का, एवढंच लिही. माह्या पोटात गोष्ट राहत नाही, तुले मालूम हाये. मन लागत नाही त्याबिगर, पन लागून जाईन.

काल टपरीवर एकानं इचारलं, लहानूभाऊ, पोट्टी कारखान्यात नेमकं करते काय? मी म्हनलं, मले मालूम नाही बापा. तिचं काम बापालेही सांगाचं नसते. अन् छाती अशी फुगली वं, का शर्टाची गुंडी तुटाले आली.

राग गिळून लोभ ठेवजो.

तुहा बाप
लहानू