पतरसचा डावा पाय

शनि. १६ मार्च
चर्चच्या सभेत भांडले. प्रभू येशूने शिष्यांचे धुतले तसे पवित्र गुरुवारी फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांची यादी लॉरेन्सभाऊंनी वाचली. वर्षानुवर्षं तीच माणसं. सगळे घरून साबणाने पाय घासून, नवे मोजे चढवून येणार. मग धुवायचं राहतं काय? मी म्हटलं, यंदा एक खुर्ची पतरसला द्या. लॉरेन्सभाऊ म्हणाले, "बाय, त्या पायाला वास हाय. फादर हातात धरतील काय? बगा, जमलं तर आणा. नाय आला तर माझा मेव्हणा बसंल." सगळे हसले.
आता पतरस तिथे बसलाच पाहिजे. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म घालवला मी, एक खुर्ची भरता येत नाही?

मंगळ. १९ मार्च
बोईसर, नवापूर रोडच्या आतली चाळ. रोजचं ड्रेसिंग. पतरस झारखंडचा, आपल्यातलाच, कॅथलिक. कारखान्यात उजव्या पायावर केमिकल सांडलं, त्यात शुगर. ठेकेदार त्या दिवसापासून फिरकला नाही. बायको सुमन पॅकिंगला जाते, दिवसभर हा एकटा पडून. दोन महिने मी जातेय, कुणी सांगितलेलं नसताना. ह्याची मला स्वतःला आठवण करून द्यायला आवडतं, खोटं कशाला बोलू.
गुरुवारचं सांगितलं. म्हणाला, "नहीं सिस्टर, मेरा पाँव नहीं. शरम लगता है." दटावलं. प्रभूला चालतं आणि तुला चालत नाही? तयार झाला. माझ्यापुढे सगळेच होतात.

शनि. २३
कडा बऱ्या दिसत नाहीत. वास वाढलाय. ठरवलं, फादरपुढे डावा पाय करायचा. तो धड आहे. उजवा नव्या बँडेजमध्ये, वर मोठा मोजा. लॉरेन्सच्या नाकाला काही कळू द्यायचं नाही.
पतरसला पांढरा शर्ट नेऊन दिला. ह्यांचा. ह्यांच्यामागे कपाटातच होता. सैल होतो.

सोम. २५
काल चर्चमध्ये झावळ्यांचा रविवार, आज धुळवड. अख्खी चाळ रंगात. पोरांनी दारातून फुगा मारला, पतरसचं बँडेज गुलाबी. सोडलं. करंगळी आणि शेजारचं बोट काळं. रंग झिरपला असेल म्हणून स्पिरिटने पुसलं. परत पुसलं.
रंग नव्हता.

मंगळ. २६
रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. सुमन कामावर. डॉक्टर माझ्याशी मराठीत बोलले, पतरसला फारसं कळलं नाही. "सिस्टर, तुम्हाला मी काय सांगायचं? आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात न्या. बोटं जातीलच. उशीर केलात तर पाय."
आज. गुरुवार परवावर आलाय.
रिक्षात त्याने विचारलं, "क्या बोले?" मी म्हटलं, भरती व्हावं लागेल, शुक्रवारी जाऊ. संध्याकाळी सुमनलाही तेच. गुरुवार तक रुको, फिर मैं खुद लेके जाऊँगी. ती लगेच हो म्हणाली. माझ्यावर विश्वास आहे तिचा.
दोन दिवसांनी काय होतं? अँटिबायोटिक चालू आहे. मी पाहिलेत असे पाय.
पाहिलेत म्हणूनच माहीत आहे, काय होतं.

गुरु. २८
बारा खुर्च्या. अकरा पायांना चंदनाच्या साबणाचा वास. पतरस शेवटून दुसरा. ताप होता, मी गोळी देऊनच आणलं होतं. फादरांनी डावा पाय धुतला, पुसला, ओठ टेकले. पतरस थरथर कापत होता, डोळ्यांतून पाणी. माझ्या बाकावरची बाई पदराने डोळे टिपत म्हणाली, "कसा भारावलाय बिचारा."
थंडी वाजत होती त्याला. मला माहीत होतं. मी मागे वळून लॉरेन्सचं तोंड बघितलं.

शुक्र. २९
सकाळी हॉस्पि. पाय घोट्यापर्यंत गेलेला. उत्तम शुक्रवारची, गुड फ्रायडेची उपासना तिकडे चर्चमध्ये, मी इकडे बाकड्यावर. दुपारी कापला. गुडघ्याखाली.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काळं कधीपासून पडलं? मी म्हटलं, काल रात्रीपासून. इतकं सहज निघालं तोंडातून. सुमन शेजारीच उभी होती. तिला मराठी कळतं. तिने माझ्याकडे बघितलं.

रवि. ३१
ईस्टर. चर्चमध्ये मिस्सेच्या शेवटी फादरांनी माझं नाव घेतलं. सेवा कशी करावी ते यांच्याकडून शिका. टाळ्या. मी उठून उभी राहिले, हातसुद्धा जोडले. बसून राहता आलं असतं. कुणी ओढून उठवलं नव्हतं.
पापनिवेदनाला जायचं तर ह्याच फादरांकडे. नाही गेले.

बुध. ३ एप्रिल
आज गेले हॉस्पि.ला, पाच दिवसांनी. लॉरेन्सभाऊ तिथे. रोज येतात म्हणे, पेज घेऊन. माझ्यासमोर पतरसचं लघवीचं भांडं उचलून नेलं, धुऊन आणलं, खाटेखाली सरकवलं. मला म्हणाले, "तुमी दमल्या असाल, बाय. तुमी किती केलंत त्याचं." टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता.
मला त्या माणसाचा राग आला. अजून आहे. काय बाई आहे मी.
पतरसने माझा हात धरला. म्हणाला, सिस्टर, आपने नहीं किया होता तो मैं मर जाता. शेजारच्या खाटेवरच्यालाही सांगत होता.
निघाले तर सुमन जिन्यापर्यंत आली. आवाज चढवला नाही. "मंगलवार को डॉक्टर क्या बोले थे, सिस्टर? सच में क्या बोले थे?"
हातात पिशवी होती, ती उगाच या हातातून त्या हातात घेतली. म्हटलं, कल आती हूँ, कल बैठके बताती हूँ.
ती म्हणाली, "ठीक है. कल."