हार घातलेला सर्व्हर

पिरंगुट, खंडेनवमी, २००९. संध्याकाळ.

डोकं फिरलंय. आज पूजेसाठी कारखान्यातलं एकूणएक मशीन बंद होतं, सर्व्हर तेवढा चालू. झेंडूचा हार त्यालाही घातला, चालू असतानाच!

तीन आठवडे मी सर्व्हर बंद ठेवायला अर्धा तास मागतोय. त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, भगदाड आहे. साधं लॉगिन असलेला कोणीही आत शिरून अख्ख्या सर्व्हरचा मालक होऊ शकतो. दुरुस्ती टाकून तो एकदा बंद-चालू करायचा, बस्स. मॅनेजरसाहेबांचं एकच, "अहो, वर्षभर बंद पडला नाही. आज सणाला कशाला? आणि लॉगिन आपल्याच माणसांकडे आहे ना?"

मग दाखवलंच. स्टोअरच्या मंदाताईंना विचारलं, तुमच्या लॉगिनवरून करू? "करा की, मला काय कळतंय त्यातलं!" मिनिटभरात साहेबांची खासगी मेल त्यांच्याच डोळ्यांसमोर उघडली. साहेब पांढरेफटक. वाटलं, जिंकलो.

आणि त्यांनी केलं काय? मंदाताईंचं लॉगिन बंद, चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. मी ओरडलो, भांडलो, उपयोग शून्य. पण त्यांचंच लॉगिन का घेतलं मी? चाचणीसाठी नवं खातं काढायला दोन मिनिटं लागली असती. दोन मिनिटं!

सर्व्हर अजून चालूच आहे, हारासकट, भगदाडासकट.

सुटताना गेटवर वॉचमननं मंदाताईंची पिशवी उलटी केली. डबा, छत्री, पूजेचा प्रसाद. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उघडलं तुमी, आन् झडती माझी व्हय?"

माझ्या बॅगेला कोणी हातही लावला नाही.