बोल, म्हणून अंगठा उचलायचात

पप्पा, हे मी तुमच्याच नंबरवर लिहितेय. वर अजून 'पप्पा' असंच येतं, पण गोलातला फोटो तुमचा नाही. तुम्ही गेल्यावर सिम बंद पडलं आणि कंपनीनं नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. आता तिथं केळीच्या बागेत उभी एक बाई आहे, लाल साडीतली. कधी कधी नावाखाली 'ऑनलाइन' येतं. पप्पा ऑनलाइन. मला सगळं माहीत असतं, तरी हातातलं काम थांबतं.

मी इंदौरला कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही आपल्या इथल्या लालबागच्या दुकानातून मला फोन घेऊन दिला होतात. उलटासुलटा करून, पाठीवर टिचकी मारून म्हणालात, "माल पक्का आहे." पेपर मिलमधले फिटर तुम्ही, लोखंडी सळई मशीनला टेकवून दुसरं टोक कानाला लावायचात आणि आतलं बेअरिंग कसं फिरतंय ते सांगायचात. मिलमध्ये वॉकीटॉकीवर बटन दाबून बोलायचं, शेवटी 'बोल' म्हणायचं, बटन सोडायचं, मग समोरचा बोलणार. तुम्ही फोनवरच्या व्हॉइस मेसेजलाही तेच समजलात. "जेवलीस का? मेसचं पाणी गाळून पी. बोल." आणि अंगठा उचलून फोन कानाला लावून बसायचात. मी तिकडे क्लासमध्ये. मग आईचा फोन यायचा, "अगं, तुझा बाप कळण्याची भाकर थंडी करून बसलाय. काहीतरी बोल त्याला, मला भांडे घासायचेत." सुट्टीत घरी आले तेव्हा मी समजावलं, पप्पा, ही वॉकीटॉकी नाही. तुम्ही म्हणालात, "दाबलं की बोलतं, सोडलं की ऐकतं. मग दुसरं काय आहे ते?"

तो फोन अजून माझ्याकडे आहे. त्याची सिस्टिमच कंपनीनं बंद केली. एक दिवस मेसेजचं ॲप उघडलं तर नुसती एक पाटी आली, या फोनवर हे आता चालणार नाही. तुमचे सगळे 'बोल' त्या पाटीच्या मागे आहेत. नवा फोन दुसऱ्या कंपनीचा, इकडचं तिकडे जात नाही. मागच्या आठवड्यात दुकानात घेऊन गेले. दुकानवाला म्हणे, "दीदी, माल अंदरच आहे, पर ताला कंपनीचा."

"मग तोडा ना."

"तोडतो. पण हा असा बनवलाय की आधी सगळं पुसतो, मग उघडतो. इंदौरला एक पोरगा आहे, बिना पुसता काढायची कोशिश करतो. निकला तो निकला, नही तो साफ. बोला, पाठवू?"

मी फोन उचलून कानाला लावला, तुमच्या सळईसारखा. तो बिचारा दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे बघायला लागला. ज्या मशीनचं झाकण आपल्याला खोलता येत नाही ती मशीन आपली नाही, असं तुम्ही म्हणायचात. मी फोन परत घरी आणला. आता त्याची बॅटरी फुगलीय, पाठ आपोआप वर येतेय, जसं आतून कुणी ढकलतंय. आई म्हणते, "चार्जिंगला लावून पूजा करतीस का त्याची? पाठव नाहीतर फेक." तिचं खरं आहे. फार दिवस नाही टिकणार तो.

हे लिहितेय तर वर 'ऑनलाइन' आलंय. त्या बाईला काय माहीत, तिच्या फोटोच्या खाली बसून कुणी काय लिहितंय. पाठवणार नाही मी, उगाच घाबरेल. तो फोन मात्र उद्या इंदौरला पाठवतेय. काल झोपताना तुमचा 'बोल' आठवायला गेले, पप्पा. शब्द बरोबर आला. आवाज माझा होता.