गाऱ्हाण्यातलं वगळलेलं वाक्य

प्रिय दादा,

परवा देवाची पालखी आपल्या दारात येणार आणि घरातर्फे बोलायला तू नाहीस. म्हणून हे पत्र. पुढाऱ्यांवर, सत्कारांवर आणि महाडच्या रस्त्यांवर तिरकं लिहिण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. मेलेल्या माणसाला सरळ कसं लिहायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. तेव्हा मध्येच जीभ घसरली तर नेहमीसारखं "सुमे, पुरे" म्हण. ऐकू येईल बहुतेक. हल्ली मला तुझं बरंच काही ऐकू येतं.

मयताचं वर्ष, त्यामुळे यंदाच्या शिमग्याला घरात गोडधोड नाही. पण पालखी दारावरून तशीच पुढे पाठवत नाहीत. ती टेकणार, वहिनी ओटी भरणार आणि तात्या हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं घालणार. गावचे मानकरी म्हणून तो मान त्यांचा. वय झालं तरी आवाज असा, की देव बहिरा असला तरी चालेल!

त्या गाऱ्हाण्यात एक वाक्य असतं. पोरांना नोकरी दे, गुरांना दूध दे, पावसात डोंगर जागेवर ठेव, असं सगळं मागून झालं की तात्या आवाज चढवतात: "आनि जो कोन या घराचं वाईट चिंतीत असंल, त्याचं वाईट त्याच्याच पदरात परत घाल!" दूधदुभत्याला लोक सवयीने "होय महाराजा" म्हणतात. या वाक्याला मात्र अख्ख्या वाडीला कंठ फुटतो.

आणि दर वर्षी नेमका तिथे तू हात वर करायचास. "तात्या, तेवढं वगळा."

"का रे? तुला दुश्मन नाय?"

"हाय ना. म्हनून तर."

लोक हसायचे. कुणी म्हणायचं, मिल्ट्रीत राहून हा मऊ झाला. कुणी म्हणायचं, याने कुणाचा तरी बांध कोरलाय, म्हणून घाबरतो. तू कुणालाच उत्तर दिलं नाहीस. उत्तर न देण्याचं पदक असतं, तर तुझ्या सदऱ्याला जागा उरली नसती.

तू हवाई दलात नक्की काय करायचास, हे वाडीला कधी कळलंच नाही. "विमानावर असतो" एवढ्यावर तुझं लग्न ठरलं. मुलीकडच्यांना वाटलं, उडवतो! तू विमानाखाली असायचास. पंखांखाली रॉकेटचे पॉड, म्हणजे नळ्यांचे डबे, लावायचे, एकेका नळीत एकेक रॉकेट सरकवायचं, तारा जोडायच्या, पिना काढायच्या आणि बाजूला व्हायचं. समोर नाही, मागे नाही, बाजूला. घरी आलास तरी कुणाच्याही समोर उभा राहायचा नाहीस, कडेने बोलायचास. आईचं आप्पेपात्र खुंटीला टांगलेलं असायचं. सुट्टीवर आलास की आधी त्याचं तोंड भिंतीकडे फिरवायचास. "पॉड समोरून असाच दिसतो, सुमे." त्यानंतर मला आप्पे कधी गोड लागले नाहीत. दुष्टा!

पूर्वी म्हणे पंखाखाली रुळावर एकेक रॉकेट टांगायचे. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून शेपटीची घडी निघाली. शेपटीची पाती मिटून रॉकेटने नळीत झोपायचं, बाहेर पडताना ती छत्रीसारखी उघडायची. एका डब्यात कितीतरी मावू लागली. आणि इतकी कशाला? तर एकाचा नेम लागत नाही म्हणून! मला हे फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडे योजनाही अशाच सुटतात, एकगठ्ठा, मोठ्या आवाजात, आणि कुठे पडल्या ते सोडणाऱ्याला कळत नाही. मी माझ्याच विनोदावर हसले. तू हसला नाहीस.

"त्याला डोळे नसतात गो," म्हणालास. "पायलट विमानाचं नाक जिकडं धरील तिकडं जातं. एकदा सुटलं की ते कुनाचंच नाय. वारा हाय, उतार हाय. बर्फाच्या डोंगरात तर हवाच पातळ. खालचे हिशेब वर चालत नाय."

गडावर पुढारी आले की हेलिकॉप्टर नाते गावावरून आपल्या वाडीच्या डोक्यावर यायचं. सगळे अंगणात धावायचे, हात हलवायचे. तू त्याच्या दोन्ही कुशी निरखायचास. "काय नाय लावलेलं," म्हणून सुस्कारा टाकायचास. मी म्हणायचे, कुशीला नसेल रे, पोटात काय भरलंय ते बघ!

मग तुझ्या डोक्यात समोरच्या डोंगरावरची धनगरवाडी आली. भागाबाईचं घर वरून नुसत्या दगडासारखं दिसतं, असं तुझं म्हणणं. चुन्याचा डबा घेऊन तू चढलास आणि तिच्या पत्र्यावर पांढरा जाड पट्टा ओढून आलास. खाली माणसं राहतात हे वरून कळावं म्हणून! भागाबाई दूध घालायला खाली आली ती माझ्याशीच भांडली. "तुजा भाव येडा झाला का गो? वरून कोन बगतंय आमाला? खालून कोन बगत नाय!"

तिचं वाक्य मी लेखात घातलं आणि वाहवा मिळवली. तू मात्र पावसाने चुना धुऊन नेला की पुन्हा चढायचास. कशासाठी रे? आपल्या डोंगरात कोण विमान घालणार होतं?

ते तू मला एकदाच सांगितलंस. पालखी नुकतीच पुढच्या घरी गेली होती. अंगणात गुलाल पडला होता आणि तू फोडलेल्या नारळाच्या करवंट्या वेचत होतास.

"लढाईच्या दिसांत विमान भरून जायचं, रिकामं यायचं. आमी नळ्या तपासायच्या. सगळ्या रिकाम्या दिसल्या की खलास, सगळे खूश. चा यायचा. मी पन खूश असायचो, खोटं कशाला बोलू? कुठं पडली ते मला कोन सांगनार? दगडांवरच पडली असतील बहुतेक." मग हातातली करवंटी बाजूला ठेवलीस. "बहुतेक, सुमे."

"मग?"

"एकादं नसंल पडलं दगडावर. तिथं कोन बाई असंल, आपल्या भागाबाईसारखी. तिला पायलट ठावा नाय, मी ठावा नाय. पन ती तिच्या देवाफुडं दर वरसाला सांगत असंल ना, ज्यानं हे केलं त्याचं वाटोळं कर म्हनून? आनि हितं तात्या आपल्या देवाला सांगतो, ते तिच्याच पदरात परत घाल. म्हंजे तिच्यावर पुन्यांदा?"

  मीही करवंट्या वेचू लागले.

तुझ्यावर माझा राग आहे, आणि तो एवढाच, की हे मला सांगितलंस आणि वहिनीला नाही. संसार तिच्याशी केलास ना? रात्री दचकून उठायचास तेव्हा पाणी कोण देत होतं, मी?

त्याचं काय झालं ते ऐक. तू काजूखाली बसल्या बसल्या गेलास. डॉक्टर म्हणाले, हृदय. वहिनी म्हणाली, नजर. नवा स्लॅब घातला तेव्हाच कुणीतरी डोळा लावला, असं तिने मनाशी पक्कं धरलं. काल मी महाडहून आले तर तात्या ओटीवर बसलेले आणि ती त्यांना सांगत होती, "यंदा ते वगळू नका. हे नायत आता अडवायला. दोनदा म्हना. ज्यानं माजं कुकू नेलं, त्याला पोचलं पायजे."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय गो सुमन? नवरा म्हनायचा वगळ, बायको म्हनते दोनदा घाल. देवानं ऐकायचं तरी कुनाचं?"

"उद्या सांगते," म्हटलं.

आज दुपारी ती तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. पॉड, रिकाम्या नळ्या, चहा, ती बाई. वहिनीचे हात सुपात चालतच होते. मग थांबले.

"मला कदी बोलले नायत," ती म्हणाली.

दादा, तेव्हा तू तिथे असायला हवा होतास!

मला वाटलं आता रडेल. ती उठली, दाराशी गेली आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मंग तिचं गाऱ्हानं पोचलं म्हनायचं."

मी उठून तिच्याजवळ गेले. "अहो वहिनी, हृदय बंद पडलं त्याचं. डॉक्टरांनी सांगितलंय."

"सांगू दे. ती हाय का नाय, तुला ठावं नाय, मला ठावं नाय. असंल तर तिचं पन कोनतरी गेलंय ना? मी दोनदा म्हनवून घेतलं असतं, तर आनिक काय गेलं असतं गो तिच्या घरातलं?"

तेव्हापासून ती बाई आपल्या घरात आहे. तिला चेहरा नाही, भाषा नाही. मी सवयीने काही तिरकं बोलायला जाते आणि ती कोपऱ्यात बसून ऐकते आहे असं वाटून गप्प होते. तू इतकी वर्षं हिच्याबरोबर राहत होतास? आणि तरी बाजारातून माझ्यासाठी फणसाचे गरे आणायचं तुला आठवायचं?

मध्यंतरी कुठेतरी वाचलं, आता त्याच जुन्या रॉकेटांना डोळे बसवतात म्हणे. नेम चुकणार नाही. मला आधी बरं वाटलं. मग मनात आलं, यापुढे पॉड भरणाऱ्याला "दगडांवरच पडली असतील बहुतेक" असं म्हणायची सोयही राहणार नाही. तुला काय वाटलं असतं रे? हे आता कुणाला विचारू?

परवाचं मात्र तुला वचन देते. तात्या त्या वाक्यापाशी आले की मी हात वर करणार. बाईमाणसाने गाऱ्हाण्यात बोलायचं नसतं, असं ते ऐकवतील. ऐकून घेईन आणि हात खाली घेणार नाही. वहिनी शेजारी उभी राहते म्हणाली आहे. त्या बाईने जे काही पाठवलं असेल, ते परत जाणार नाही, दादा. आपल्याकडे आलंय, आम्ही दोघी ते ठेवून घेऊ.

तुझी,
सुमी